हँडहेल्ड व्हॅक्यूम: नवा घेतला, आणि जुन्याचं काय केलं तेही सांगते

जुना व्हॅक्यूम शेवटी शेवटी पूर्ण चार्ज करूनसुद्धा चार मिनिटं चालायचा. घड्याळ लावून बघितलं होतं, चार मिनिटं दहा सेकंद, आणि त्यातलं शेवटचं मिनिट नुसता आवाज, मांजरीचे केस उचलायचं नाव नाही. मोटर ठणठणीत होती, डबा धड, ब्रश धड, फिल्टर मी दर पंधरा दिवसांनी धुवायचे, म्हणजे बाकी सगळं व्यवस्थित आणि गेली काय तर फक्त बॅटरी. म्हटलं बॅटरी बदलून घेऊ. उलटा करून बघितला तर एक स्क्रू नाही! बॉडीचे दोन्ही अर्धे भाग कारखान्यातच एकमेकांत वितळवून जोडलेले, आत जायचं तर फोडूनच. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर आलं की या मॉडेलची बॅटरी वेगळी मिळत नाही, नवीनच घ्या. मला याचा खरंच राग आला, अजूनही येतो. चांगली चालणारी मोटर एका बॅटरीपायी कचऱ्यात घालायची हे मला पटतच नाही.

तेव्हाच ठरवलं की या वेळी घेताना आधी हे बघायचं की ही वस्तू उघडते कशी, तिचं काय काय बदलता येतं, आणि ती मेली की तिचे भाग वेगळे होतील का. ओढ किती, लाइट किती, सोबत नोझल किती, हे सगळं त्याच्यानंतर. महिनाभर शोधाशोध केली, ओळखीच्यांकडचे चार-पाच व्हॅक्यूम हातात घेऊन चालवून बघितले, मग एक घेतला, आणि आता पाच महिने वापरून लिहितेय. ब्रँड आणि मॉडेल लिहीत नाही कारण ही मॉडेलं वर्षभरात बदलतात आणि तुम्ही शोधाल तेव्हा तेच मिळेल याची खात्री नसते, बघायचं काय ते मात्र बदलत नाही.

आधी ते पास्कलचं प्रकरण. ऑनलाइन बघायला गेलात की पहिली गोष्ट डोळ्यात भरते ती म्हणजे सक्शनचा आकडा, ८,००० पास्कल, १५,००० पास्कल, मी तर एका जाहिरातीत १,२०,००० पण वाचला. आता समुद्रसपाटीला हवेचा दाबच मुळात साधारण १,०१,३२५ पास्कल असतो, आणि व्हॅक्यूम काय करतो तर आतला दाब कमी करतो, बाहेरची हवा आत घुसते आणि येताना धूळ घेऊन येते. म्हणजे आत अगदी पूर्ण निर्वात पोकळी केली तरी फरक त्या १,०१,३२५ च्या पुढे जाऊच शकत नाही. त्यामुळे लाखाच्या वरचा आकडा दिसला की ते पान बंद करा, तिथे बाकीच्या आकड्यांवर पण विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

आणि खरा असला तरी पास्कलचा आकडा एकटा काही सांगत नाही, कारण तो मोजतात तोंड पूर्ण बंद करून, म्हणजे हवा अजिबात वाहत नसताना. धूळ उचलते ती वाहणारी हवा. दोन्ही लागतं, ओढ पण आणि प्रवाह पण, आणि दोन्ही मिळून जो आकडा होतो त्याला एअर वॉट म्हणतात. हँडहेल्डच्या खोक्यावर तो सहसा लिहिलेला नसतो पण कुठे दिसला तर पास्कलच्या आधी तो बघा. मोटरचे वॉट वेगळे बरं का, ते मोटर किती वीज खाते ते सांगतात, किती ओढते ते नाही.

हाताने तपासायची एक रीत मला या सगळ्यात सगळ्यात जास्त कामाला आली. व्हॅक्यूम चालू करून तळवा तोंडावर ठेवायचा. ३ सेंटिमीटर व्यासाचं गोल तोंड असेल आणि ओढ खरोखर १०,००० पास्कल असेल तर तळव्यावर साधारण ७०० ग्रॅमचं वजन लटकल्यासारखं वाटतं, यंत्र हाताला चिकटून राहतं, काढताना पट्कन आवाज येतो. आणि त्याच वेळी मोटरचा आवाज ऐकायचा. तोंड बंद केल्यावर तो एकदम चढायला हवा, बारीक आणि तीव्र व्हायला हवा, कारण हवा थांबली की पंख्यावरचा भार उतरतो आणि तो जोरात फिरायला लागतो. आवाज फारसा बदललाच नाही तर हवा दुसरीकडून कुठून तरी आत येतेय, म्हणजे डब्याच्या जोडावरचं रबर नीट बसत नाहीये. मी बघितलेल्यांपैकी दोघांचं हेच होतं, आणि त्यातला एक तर अगदी नवा कोरा. हीच खूण घरी पण उपयोगी पडते, म्हणजे चालता चालता आवाज आपोआप चढला तर नळीत काहीतरी अडकलंय किंवा फिल्टर भरलाय असं समजायचं.

आता बॅटरी, म्हणजे माझा खरा विषय. खोक्यावर मोठ्या अक्षरात एमएएच, म्हणजे बॅटरीत चार्ज किती मावतो तो आकडा, लिहितात आणि आपण मोबाइलच्या सवयीने तोच आकडा बघतो, पण व्होल्ट बघितल्याशिवाय एमएएचला अर्थ नाही. लिथियम-आयनच्या एका सेलचे साधारण ३.७ व्होल्ट. दोन सेल ओळीने जोडले तर ७.४, चार जोडले तर १४.८. आता दोन व्हॅक्यूम घ्या, दोन्हीवर २,००० एमएएच लिहिलंय, एक ७.४ व्होल्टचा आणि एक १४.८ चा. पहिल्यात १४.८ वॉट-अवर ऊर्जा आहे आणि दुसऱ्यात २९.६, म्हणजे सरळ दुप्पट! व्होल्ट गुणिले एमएएच, भागिले १,००० इतकाच हिशोब आहे. आणि मोटर १०० वॉटची असेल तर पहिला जेमतेम ९ मिनिटं चालेल आणि दुसरा जवळजवळ १८. खोक्यावर ३० मिनिटं लिहिलेलं असतं ते नेहमी सगळ्यात हळू स्पीडचं असतं, आणि त्या स्पीडवर काय होतं तर टेबलावरची धूळ निघते, गालिच्यातली नाही. म्हणून फुल स्पीडला किती मिनिटं ते विचारा, ते लिहिलंच नसेल तर हा हिशोब मांडून बघा, फसवणूक लगेच कळते.

बॅटरी निघते का, हा त्याच्यापुढचा प्रश्न, आणि निघते म्हणजे कशी. काहींची टॉर्चच्या सेलसारखी खटकन निघते, बटण दाबलं की पॅक हातात. काहींची एक-दोन स्क्रू काढले की निघते, आत वायरीला प्लगसारखा कनेक्टर असतो, तो ओढला की सुटतो. हे दोन्ही चालेल. तिसरा प्रकार म्हणजे सेल सरळ सर्किट बोर्डाला वेल्ड केलेले आणि वरून बॉडी बंद, माझा जुना तसला, तो घेऊ नका, कितीही छान दिसत असला तरी. लिथियमची बॅटरी झिजतेच, साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झालं की तिची ताकद बरीच उतरते, हा काही दोष नाही, तिचा स्वभावच आहे. मग झिजणारी गोष्ट बदलता यायला नको का? दुकानदाराला सरळ विचारा की याची बॅटरी आज वेगळी विकत मिळते का. "मिळेल ना" असं उत्तर आलं तर दाखवा म्हणायचं. मी ज्याचा पॅक डोळ्यांनी बघितला तोच घेतला.

चार्जिंगचं पोर्ट पण बघा. माझ्याकडे एका ड्रॉवरमध्ये अकरा चार्जर पडलेत, प्रत्येकाची पिन वेगळी, आणि त्यातले निम्मे कशाचे तेच माहीत नाही. आता बऱ्याच व्हॅक्यूमना यूएसबी-सी येतं, फोनचाच चार्जर चालतो, एक वस्तू कमी होते घरातली. फक्त ते सोबत येणाऱ्या वायरीशिवाय दुसऱ्या वायरीवर चार्ज होतं का ते तिथेच लावून बघा, काही मॉडेलं फक्त स्वतःच्याच वायरीवर चार्ज होतात.

फिल्टरबद्दल थोडं, कारण घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं. हेपा फिल्टर म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण खोक्यावर नुसतं "हेपा टाइप" किंवा "हेपासारखा" लिहिलं असेल तर तो हेपा नव्हे, त्या शब्दांना कसलंही बंधन नाही. आणि फिल्टर उत्तम असला तरी त्याच्या बाजूने फट असेल तर सगळी बारीक धूळ मागून परत खोलीत. हे बघायला मी काय केलं, रात्री खोलीतले दिवे घालवले, व्हॅक्यूमने थोडी बारीक धूळ ओढली आणि मागच्या जाळीजवळ टॉर्चचा झोत आडवा धरला. जुन्याच्या मागून धुराची रेघ यावी तशी धूळ दिसत होती. इतकी वर्षं मी त्याने मुलीची गादी साफ करत होते आणि ती धूळ तिच्याच खोलीत उडत होती, हे बघून खूप वाईट वाटलं. नव्याच्या मागे झोत स्वच्छ होता, एखाद-दुसरा कण, बस.

फिल्टर धुता येतो का आणि सुटा मिळतो का हेही विचारा. धुतल्यावर पूर्ण २४ तास वाळवायचा, वरून कोरडा लागला तरी आतल्या घड्या ओल्या असतात, ओला बसवला की धुळीचा चिखल होतो आणि मग तो कधीच नीट होत नाही, वास येतो तो वेगळाच. म्हणून मी पहिल्या दिवशीच एक जादा फिल्टर घेऊन ठेवला, एक वाळतोय तोवर दुसरा.

वजन हातात धरूनच बघायचं, आकड्यावर जाऊ नका. माझा नवा ९४० ग्रॅमचा आहे, तसा हलका नाही, पण बॅटरी मुठीच्या खाली असल्याने तोल बरोबर बसतो. त्याच्याहून १५० ग्रॅम हलका एक बघितला होता, त्यात सगळं वजन पुढे, दोन मिनिटांत मनगट भरून आलं. हात वर करून पडद्याची दांडी किंवा कपाटाचा माथा साफ करायची नक्कल दुकानातच करून बघा, कुणी बघतंय म्हणून लाजू नका. आणि चालू ठेवायला बटण सतत दाबून धरावं लागतं की एकदा दाबलं की राहतं तेही बघा. आईला बोटांच्या सांध्यांचा त्रास आहे, तिला दाबून धरायचा ट्रिगर जमतच नाही, त्यामुळे आमच्या घरी तो प्रश्नच मिटला.

तर आता घेतला त्याच्याबद्दल. १४.४ व्होल्ट, २,५०० एमएएच, म्हणजे ३६ वॉट-अवर. खोक्यावर ३० मिनिटं लिहिलंय, मला हळू स्पीडला २६ मिळाली आणि फुल स्पीडला १३, पाच महिन्यांनी परत मोजली तर अजून तेवढीच आहेत. मोटर ब्रशलेस आहे, म्हणजे आत कार्बनचे ब्रश नाहीत त्यामुळे ते झिजून मोटर जायची भानगड नाही. सोबत तीन नोझल, फटींसाठी लांब चपटं, मऊ ब्रशवालं, आणि एक रुंद ज्याच्या कडेला रबराची पट्टी आहे. ही रबराची पट्टी म्हणजे माझ्यासाठी सगळ्यात मोठा शोध! मांजरीचे केस सोफ्याच्या कापडात असे रुततात की नुसत्या हवेने निघतच नाहीत, ओढ कितीही असो. रबर कापडावर घासलं की केस आधी गोळा होऊन वर येतात आणि मग हवा त्यांना घेऊन जाते. सोफ्याची एक गादी साफ करायला पूर्वी दहा मिनिटं लागायची ती आता तीन मिनिटांत होते आणि हात फिरवला तर केस लागत नाही.

सरकत्या खिडक्यांच्या पट्ट्यांमध्ये जी काळी बारीक माती बसते ना, जी फडक्याने पुसली की नुसता चिखल होतो, ती लांब नोझलने एका फेरीत जाते, फक्त आधी जुना टूथब्रश फिरवून मोकळी करून घ्यायची. गाडीतल्या सीटच्या खालची वाळू पण निघाली, सीट सरकते त्या लोखंडी पट्टीतली सुद्धा. कीबोर्डवर मऊ ब्रश आणि हळू स्पीड, फुलला एक बटण उखडून डब्यात गेलं होतं, मिळालं परत पण शोधावं लागलं.

तक्रारी आहेत. डबा उघडायचं बटण चालू-बंदच्या बटणाच्या अगदी शेजारी आहे, दोन्ही सारख्याच आकाराची, पहिल्या आठवड्यात अंगठा चुकला आणि भरलेला डबा सोफ्यावर उघडला, सगळं परत पहिल्यापासून. आता मी एका बटणावर खरखरीत टेप चिकटवलीय. लांब नोझल सैल बसतं, जोरात दाबलं की सुटून हातात येतं. डबा ४०० मिलिलीटर म्हणतात पण त्यावर जी कमाल भरायची रेघ आहे तिथपर्यंत निम्माच भरतो, आणि केस असतील तर ते जाळीभोवती गुंडाळतात, बोटांनी ओढून काढावे लागतात. आवाज पण बराच आहे, मांजर अजून दुसऱ्या खोलीत पळून जाते. तरी जुन्याच्या मानाने मी खूप समाधानी आहे, आणि सगळ्यात जास्त समाधान त्या खालच्या दोन स्क्रूंचं आहे. एकदा उघडून बघितलंय, कनेक्टर सुटतो, पॅक निघतो, परत बसतो.

एक विनंती, यात काय ओढायचं नाही तेही लक्षात ठेवा. गरम राख, निखारे, प्रिंटरच्या टोनरची पूड, भिंत फोडल्यावरचा सिमेंटचा धुरळा, हे अजिबात नाही. सिमेंट आणि टोनर इतके बारीक असतात की फिल्टर क्षणात बुजवतात किंवा पार होऊन मोटरमध्ये जातात. मोटरला थंड ठेवते ती तिच्यातून वाहणारी हवाच, फिल्टर बुजला की ती तापते. आणि पाणी ओढायचं तर त्यावर ओलं-कोरडं दोन्ही चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच.

आता जुन्यांचं. जुन्यांचं म्हणतेय कारण आवराआवरीत कपाटाच्या वर त्याच्याही आधीचा एक निघाला, आईचा, पिवळा पडलेला. हातात धरायचे बिनवायरीचे व्हॅक्यूम घराघरात गेले ते १९७९ पासून, ब्लॅक अँड डेकर कंपनीने डस्टबस्टर नावाचा व्हॅक्यूम आणला तेव्हापासून, आणि मग कितीतरी वर्षं या सगळ्या यंत्रांत निकेल-कॅडमियमचे सेल असायचे. लिथियम-आयन बाजारात आली १९९१ ला सोनीकडून, आणि व्हॅक्यूमपर्यंत पोचायला तिला आणखी बराच काळ लागला. आईच्या व्हॅक्यूमच्या बॅटरीवर ती खूण होती, चाकं असलेल्या कचराकुंडीवर फुली, आणि तिच्याखाली रोमनमध्ये सी-डी ही दोन अक्षरं. ती अक्षरं म्हणजे कॅडमियम. हा धातू विषारी आहे, मूत्रपिंड आणि हाडं दोन्हीला बाधतो, आणि एकदा मातीत-पाण्यात गेला की तिथून पिकात आणि अंगात जातो. ही फुली कुठेही दिसली की ती वस्तू घरच्या कचऱ्यात जात नाही, इतका सरळ अर्थ.

लिथियमवाल्याचा धोका वेगळा, तो आगीचा. आपल्याला वाटतं बॅटरी मेली, पण यंत्र बंद पडतं तेव्हा सेलमध्ये ऊर्जा शिल्लक असतेच, सर्किट तिला एका पातळीखाली जाऊ देत नाही इतकंच. असा सेल कचऱ्याच्या गाडीत गेला, तिथे दाबयंत्राखाली चेपला, की आतले दोन थर एकमेकांना टेकतात आणि शॉर्ट होऊन पेट घेतो, आजूबाजूला कागद आणि प्लास्टिक आहेच. ती गाडी चालवणाऱ्या, कचरा वेगळा करणाऱ्या माणसाच्या जिवावर आपण हे सोपवतो. मला वाटतं एवढं एक कारण पुरेसं आहे.

आणि किती जण असं करतात ते बघा. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. त्यात व्हॅक्यूम, खेळणी अशा छोट्या उपकरणांचं तर आणखी वाईट, जेमतेम १२ टक्के. मोठा फ्रिज कुणी ड्रॉवरमध्ये ठेवत नाही, त्याचं काहीतरी करावंच लागतं. छोटी वस्तू मात्र कपाटावर जाते, मग एक दिवस केराच्या पिशवीत.

मी जे केलं ते असं. आधी दोन्हीचे डबे रिकामे करून धुतले, फिल्टर काढून टाकले कारण ते धुळीने माखलेले असतात आणि रिसायकल होत नाहीत. लिथियमवाला चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवला म्हणजे चार्ज जितका कमी होईल तितका होतो. आईच्याला स्क्रू होते, बॅटरीचा पॅक निघाला, त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली म्हणजे पिशवीत एकमेकांना किंवा किल्लीबिल्लीला टेकून शॉर्ट नको. लिथियमवाला उघडतच नव्हता, तो फोडायचा मोह मला झाला होता, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटून बघू म्हणून, पण तसं करू नका प्लीज, टोक सेलमध्ये घुसलं तर तिथेच पेटतो. न उघडणारा असेल तर आहे तसा अख्खा द्यायचा आणि देताना सांगायचं की आत लिथियम आहे. बॅटरी फुगलेली दिसली, बॉडी फाकलेली दिसली, तर चार्जला लावायचीच नाही, कोरड्या वाळूत, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवायची, आणि नेण्याआधी केंद्राला फोन करून विचारायचं.

द्यायचं कुठे, तर बऱ्याच कंपन्या स्वतःचा जुना माल परत घेतात, काही दुकानं नवीन घेताना जुना घेतात, आणि नोंदणी असलेली ई-कचरा केंद्रं असतात. मी नवा घेतला त्या दुकानाने जुना घेतो म्हटलं होतं पण पुढे तो कुणाकडे जातो विचारल्यावर कुणाला सांगता येईना, मग नाही दिला. हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारा, बॅटऱ्या तुम्ही कुणाला देता? ज्याला उत्तर माहीत असतं तो लगेच सांगतो. नुसतं भंगारात दिलं तर तांबं काढायला वायरी उघड्यावर जाळतात, तो धूर तिथलीच माणसं आणि पोरं पितात, म्हणून नोंदणी आहे का ते बघूनच द्यायचं.

ज्या केंद्रात शेवटी दिले तिथल्या बाईंनी मला आत नेऊन सगळं दाखवलं, आणि खरं सांगते, मी अर्धा तास तिथे होते. टेबलावर माझ्याच मॉडेलचे आणखी तीन पडलेले. त्यांनी एक विशिष्ट पकड घेऊन जोडाच्या रेषेवर दाबली, बॉडी फाकली, आतून सेलचा पॅक निघाला तो बाजूच्या वाळूच्या डब्यात, मोटर वेगळ्या क्रेटमध्ये, प्लास्टिक वेगळं. मोटरमध्ये तांब्याची तार गुंडाळलेली असते, तांबं कितीही वेळा वितळवा, तांबंच राहतं. प्लास्टिक एकाच जातीचं असेल तर दळून परत वापरतात, रबर चिकटलेलं असलं की ते काम अडतं, म्हणून त्या मला म्हणाल्या नोझलवरची रबराची कड घरीच ओढून काढली असतीत तर बरं झालं असतं. बॅटऱ्या तिथे फोडत नाहीत, पुढे पाठवतात. लिथियमचे सेल ठिणगी पडू नये अशा बंदिस्त जागेत चिरडतात, तांब्या-ॲल्युमिनियमचे पापुद्रे वेगळे होतात आणि उरते ती काळी पूड, तिला ब्लॅक मासच म्हणतात. ती आम्लात विरघळवून तिच्यातून कोबाल्ट, निकेल, लिथियम परत काढतात. कॅडमियमवाले सेल बंद भट्टीत तापवतात, कॅडमियम ७६७ अंशाला उकळतं, त्याची वाफ होते, ती थंड करून शुद्ध धातू परत मिळतो आणि निकेल-लोखंड खाली राहतं. आईच्या त्या पिवळ्या व्हॅक्यूममधला विषारी धातू असा बाटलीबंद होऊन परत कामाला येतो हे ऐकून मला फार बरं वाटलं, घरी येऊन तिला सगळं सांगितलं.

निघताना बाईंनी विचारलं, यांचे चार्जर कुठेत, त्यातही तांबं असतं. ते ड्रॉवरमध्येच राहिले होते. दुसऱ्या दिवशी ते दोन आणि कशाचे माहीत नाहीत असे आणखी पाच, एकूण सात नेऊन दिले.